मिरचीवरचा बोकड्या फवारूनही परत का येतो?

पहिल्या वर्षी मार्चमध्ये, दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुमारास, तिसऱ्या वर्षी संक्रांत झाल्यावर. तीन वर्षांत तीनदा आमच्या पुण्याच्या गच्चीवरच्या मिरच्यांची पानं मुरडली आणि तिन्ही वेळा सासूबाईंनी एका नजरेत निदान केलं, "बोकड्या पडलाय गं." त्यांचं माहेर मिरजेजवळचं, घरची मिरची असायची, तेव्हा त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात, विदर्भात कोकडा म्हणतात. पण हे नाव "ताप आलाय" म्हणण्यासारखं आहे. ताप आहे हे खरंच. तो मलेरियाचा की घसा धरल्याचा, हे कळल्याशिवाय गोळी कुठली द्यायची?

मी तिन्ही वेळा एकच गोळी दिली. कृषी सेवा केंद्रातल्या माणसाने "मिरचीला ना? हे घ्या" म्हणत काउंटरवर ठेवलेली इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली. पहिल्या वर्षी जरा फरक पडला. दुसऱ्या वर्षी फवारल्यावर आठ दिवसांत शेंडे आणखीच आवळले. तिसऱ्या वर्षी सहा झाडं होती तशीच खुरटून बसली. मागे वळून बघताना सगळं लख्ख दिसतं: पहिल्या वर्षी फुलकिडे (थ्रिप्स) होते, दुसऱ्या वर्षी कोळी (माइट) आणि तिसऱ्या वर्षी विषाणू. कोळी हा कीटकच नव्हे. त्याला आठ पाय, तो गोचिडीच्या गणगोतातला. इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही, उलट त्याला खाऊन आटोक्यात ठेवणारे मित्रकीटक मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. आणि विषाणूवर तर कुठलंच औषध नाही.

खाली लिहिलेली सगळी खटपट बारा ग्रो बॅगा असलेल्या गच्चीवरची आहे. एकरभर मिरची लावणाऱ्याचं गणित वेगळं असतं.

पान कुठे वळलंय ते आधी बघा

एप्रिलमध्ये दुपारी दोनला मिरचीचं झाड बघून घाबरू नका. कडक उन्हात पान स्वतःला मिटवून घेतं, पाणी कमी उडावं म्हणून. तेच पान सकाळी सातला सरळ दिसलं तर ते नुसतं ऊन आहे. हिरवी जाळी बांधा आणि शांत बसा. हे माहीत नसताना मी दिवसातून दोनदा पाणी घालत होते आणि दोन झाडांच्या मुळ्या कुजवल्या.

सकाळीही मुरडलेलं असेल, तर शेंड्याकडचं तिसरं-चौथं पान हातात घ्या.

कडा वरच्या बाजूला वळून पानाची होडी झाली असेल, तर पहिला संशय फुलकिड्यांवर घ्या. पान उलटं करा. खालच्या बाजूला शिरांच्या कडेने कुणी नखाने खरवडल्यासारखे रुपेरी, नंतर तपकिरी होत जाणारे ओरखडे दिसतात. फुलकिडे तोंडाने पानाचा पापुद्रा खरवडतात आणि येणारा रस शोषतात, त्याचीच ती खूण.

कडा खाली वळून होडी उलटी झाली असेल, तर कोळी. यात आणखी दोन गोष्टी दिसतात. पान अरुंद होतं आणि त्याचा देठ उंदराच्या शेपटीसारखा लांबतो. खालची बाजू तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत, तांबूस होते. मिरच्या लागल्या असतील तर त्यांची साल बुचासारखी खरखरीत आणि भुरकट होते. हा पांढरा कोळी. जाळी विणणारा लाल कोळी तो निराळा. लाल कोळ्याने पानावर बारीक पिवळे ठिपके पडतात आणि पाठीमागे जाळं दिसतं. पांढरा कोळी जाळं करत नाही, त्यामुळे "कोळी असता तर जाळं दिसलं असतं" या हिशेबावर जाऊ नका. मी गेले होते.

विषाणूने पान वरच वळतं, म्हणून त्याची आणि फुलकिड्यांची गल्लत होते. पण विषाणूचं झाड चार पावलांवरून ओळखू येतं. पानं बारकी, फुगवटे आल्यासारखी, शिरांच्या मधला भाग पिवळट, दोन पानांमधलं अंतर जवळजवळ नाहीसं, आणि सगळं झाड झुडपासारखं गच्च. फुलं मोजकी, मिरच्या वाकड्यातिकड्या. ओरखडे मात्र नसतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. तेव्हा झाडाला टिचकी मारून कोंड्यासारखं काही उडतंय का तेही बघून घ्या.

भिंग घ्या, शंभर-दीडशे रुपयांचं चालेल

डोळ्यांनी अर्धं काम होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग लागतं.

फुलकिड्यांसाठी तर भिंगही नको. पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. धूळ पडेल, त्यातली काही धूळ चालायला लागेल. कापलेल्या पिवळ्या दोऱ्याचं टोक असावं तसे, मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. कागद तिरका केला की तुरुतुरु वर चढतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा एका शेंड्यातून सतरा पडले होते आणि मी तोपर्यंत छातीठोकपणे सांगत होते, की आमच्या झाडावर एकही कीड नाही.

कोळ्याला मात्र भिंग हवंच, तेही जरा जोरदार. तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो, रंगाने पारदर्शक-पिवळसर, आणि बसतो अगदी कोवळ्या पानाच्या पाठीवर. मला आधी तो दिसलाच नाही, त्याची अंडी दिसली. लंबगोल, काचेच्या मण्यासारखी, आणि त्यांवर पांढऱ्या टिपक्यांच्या ओळी. साबुदाण्याच्या दाण्यावर कुणी रांगोळीचे ठिपके काढावेत, तशी. ही अंडी दिसली की दुसरा पुरावा शोधत बसायला नको. एक गंमत अशी, की हा कोळी स्वतः लांब जाऊ शकत नाही. तो पांढऱ्या माशीच्या पायाला धरून या झाडावरून त्या झाडावर जातो. म्हणूनच पावसाळ्याच्या शेवटी पुष्कळदा विषाणू आणि कोळी दोन्ही एकाच झाडावर सापडतात आणि होडी सरळ की उलटी, हेच कळेनासं होतं. अशा वेळी अंडी शोधा, पानावर विसंबू नका.

पानं बरी दिसताहेत आणि फुलंच गळताहेत, असं असेल तर एक फूल तळहातावर झटकून बघा. थ्रिप्स पार्विस्पायनस नावाचा काळपट फुलकिडा भारतात पहिल्यांदा २०१५ मध्ये बंगळूरुला पपईवर सापडला आणि २०२१ मध्ये त्याने आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचं अतोनात नुकसान केलं. तो फुलात घर करतो. अर्थात मे महिन्याच्या उष्म्यानेही फुलं गळतात, तेव्हा फुलात काहीच पडलं नाही तर दोष हवेला द्या.

मग तो परत का येतो?

मला वाटतं, निदान आणि औषध बरोबर असलं तरी पुष्कळदा गुण आला का हे बघायची पद्धत चुकते. मुरडलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. कीड सगळी मेली तरी नाही. ते पान वाढत असतानाच वाकडं झालं, आता ते वाकडंच राहणार. आपण चार दिवसांनी त्याच पानाकडे बघतो, म्हणतो "काही उपयोग नाही", आणि आणखी जहाल काहीतरी आणतो. कोळ्याच्या बाबतीत तर तो गेल्यानंतरही दोन-तीन आठवडे नवी पानं थोडी वेडीवाकडी येत राहतात. म्हणून मी आता फवारणीच्या दिवशी शेंड्याच्या सगळ्यात कोवळ्या पानाखाली रंगीत दोरा सैलसर बांधते. दोऱ्याच्या वरचं बघायचं, खालचं विसरायचं.

दुसरं म्हणजे एकदा फवारून सोडून देणं. फुलकिड्याची मादी अंडी पानाच्या आत, गरात खुपसून घालते. पिल्लं मोठी झाली की खाली मातीत किंवा पालापाचोळ्यात उतरून कोशात जातात. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही पानावर फवारता, त्या दिवशी त्यांची अर्धी बिऱ्हाडं पानाच्या पोटात आणि मातीत सुरक्षित असतात. पाच-सहा दिवसांनी ती बाहेर येतात आणि आपण म्हणतो, बोकड्या परत आला. तो गेलाच नव्हता. सगळं चक्र दोन ते तीन आठवड्यांचं, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारण्या हव्यात. कोळ्याचं चक्र उबदार हवेत आठवड्याच्या आत पुरं होतं, त्याला चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा. दुसरी फवारणी चुकली की पहिली वाया गेली असं समजा. ही फवारणी नेमकी लग्नाकार्याच्या आठवड्यातच येते, हा माझा अनुभव.

तिसरं, जुनी माती. मिरची काढली, त्याच बॅगेत पुन्हा मिरची लावली, तर मातीतले कोश तिथेच असतात. मे महिन्यात बॅगा रिकाम्या करून माती गच्चीवर चार बोटं जाड पसरते, चांगली ओली करते, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा विटांनी दाबते. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच हवं, ऊन आत शिरून माती तापायला हवी. चार ते सहा आठवडे. त्यात चांगले जीवजंतूही मरतात, म्हणून नंतर गांडूळखत मिसळून मगच भरायची.

आणि चौथं, शेजार. आमच्या मिरच्यांच्या डोक्याशी सासूबाईंचा गावठी गुलाब होता. मिरचीवरचा फुलकिडा गुलाबावरही सुखाने नांदतो. मी मिरची धुवायचे, गुलाबाला हात लावायचे नाही, कारण तो त्यांचा. वर्षभर हेच चाललं. शेवटी एका सकाळी गुलाबाची कळी कागदावर झटकून त्यांना दाखवली. बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "आता याला खाली अंगणात ने. आणि मीच न्यायला सांगितलं म्हण, नाहीतर शेजारच्या वहिनी म्हणतील सुनेने हलवला." पांढऱ्या माशीसाठी असाच शेजार म्हणजे टोमॅटो, वांगी, भेंडी आणि जास्वंद. ही झाडं काढून टाका असं नाही. फवारताना त्यांच्याही पानांच्या पाठी ओल्या करा, एवढंच.

मी काय करते

सगळ्यात आधी पाणी. फवाऱ्याच्या नळीने सकाळी पानांच्या पाठी खालून वर धुवायच्या, एक दिवसाआड, आठवडाभर. बारा झाडांना दहा मिनिटं लागतात. फुलकिडे आणि कोळी दोन्ही बरेचसे यानेच कमी होतात आणि याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही. जास्त बिघडलेले शेंडे खुडून पिशवीत घालून कचऱ्यात टाकायचे, कंपोस्टमध्ये नाही.

मग फुलकिडे असतील तर कडुनिंबाचं तेल. लिटरभर पाण्याला ५ मिली तेल. तेल थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगतं आणि फवारताना पहिल्या झाडावर नुसतं पाणी, शेवटच्यावर नुसतं तेल पडून पानं भाजतात. म्हणून तेलात आधी १-२ मिली द्रव साबण घालून पांढरट होईपर्यंत ढवळायचं, मग थोडं कोमट पाणी, मग उरलेलं. संध्याकाळी फवारायचं, आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं. निंबोळ्या मिळत असतील तर अर्क अधिक चांगला: वाळलेल्या निंबोळीची ५० ग्रॅम भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून पिळून लिटरभर करायची. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी कडुनिंब आहे. पावसाळ्याच्या तोंडाला त्याखाली निंबोळ्या वेचणारी बाई म्हणून मी आता ओळखली जाते.

कोळी असेल तर पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक, लिटरला २ ग्रॅम. वजनकाट्यावर मोजा, चमच्याने नको. पारा ३२-३३ च्या वर असताना गंधक मारलं तर पानं करपतात. आणि तेल आणि गंधक यांच्यात किमान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. हे दोन्ही लागोपाठ मारलं की झाडाची पानं जळून गळतात. माझी तीन झाडं अशी गेली, आणि त्याचं खापर मी कितीतरी दिवस किडीवर फोडत होते.

विषाणूचं झाड उपटायचं. जीव होत नाही, विशेषतः त्यावर चार मिरच्या लोंबत असतील तर. पण ते झाड बरं होत नाही आणि त्यावरची प्रत्येक पांढरी माशी शेजारच्या झाडाला प्रसाद देत राहते. उपटायचं ते पहाटे, गारव्यात माश्या सुस्त असताना, आणि आधी झाडावर मोठी पिशवी घालून मग. दुपारी उपटलं तर सगळ्या माश्या उडून निरोगी झाडांवर बसतात. हे तिसऱ्या वर्षी मी केलंय. दोन झाडांचं आजारपण सहांवर गेलं.

चिकट सापळ्यांपैकी निळा फुलकिड्यांसाठी, पिवळा पांढऱ्या माशीसाठी. जुन्या निळ्या फाइलचा पुठ्ठा कापून त्याला एरंडेल फासलं तरी चालतं. त्याने कीड संपत नाही; किती आहे ते कळतं. माझ्या लेखी तो हजेरीपट आहे.

न करण्याच्या गोष्टीही सांगते. तंबाखूचं पाणी गच्चीवर करू नका. एक तर ते विषारी, आणि आपण मिरची तोडून तशीच वरणाच्या फोडणीत टाकतो. दुसरं, तंबाखूतून मोझॅक विषाणू मिरचीला लागू शकतो. घरात कुणी तंबाखू मळत असेल तर झाडांना हात लावण्याआधी साबणाने धुवायला लावा. अंड्याच्या टरफलांनी बोकड्या जात नाही. ती मातीत कुजायलाच कित्येक महिने लागतात. पेंडीचं आंबवलेलं पाणी दर आठवड्याला घालणंही थांबवा. त्याने झाड तरारतं खरं, पण अशी लुसलुशीत पालवी म्हणजे रस शोषणाऱ्या सगळ्यांना पंगतीचं आमंत्रण.

फवारणीचा पंप उसना आणू नका, हेही लिहून ठेवते. दीरांनी गावाहून पंप आणला होता, छान धुतलेला. त्यात आधी तणनाशक, २,४-डी, होतं. आठवड्यात टोमॅटोची पानं शेवयांसारखी लांबट झाली आणि मागोमाग मिरचीची वळली. तो बोकड्या कुठल्याच भिंगात दिसला नसता.

रोप लहान असतानाच

विषाणू रोपावस्थेत लागला तर त्या झाडाला मिरच्या लागण्याची आशा सोडायची. तेच झाड फळावर आल्यानंतर लागला तर निदान एखादा बहर पदरात पडतो. म्हणून सगळा जोर पहिल्या पाच-सहा आठवड्यांवर. मी आधी रोपांवर मच्छरदाणी घालत होते. तिच्या भोकातून पांढरी माशी बिनदिक्कत ये-जा करते, ती डासापेक्षा कितीतरी बारीक. चाळीस-पन्नास मेशची, म्हणजे इंचाला तेवढी भोकं असलेली नायलॉन जाळी लागते, नाहीतर जुनी मलमलीची ओढणी. चार काड्या रोवून ओढणी टाकायची आणि खालच्या कडा मातीत खोचायच्या. कडा खोचल्या नाहीत तर ओढणी नुसती शोभेची.

नर्सरीतून रोपं आणत असाल तर पैसे देण्याआधी ट्रेला टिचकी मारा. पांढरं काही उडालं तर ट्रे परत ठेवा, नर्सरीवाला काही म्हणो. आणलेली रोपंही पहिले दहा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब, जिन्यापाशी.

या वर्षी बारापैकी अकरा बॅगांतली झाडं सरळ आहेत. सातव्या बॅगेतल्या ज्वाला जातीच्या मिरचीची दोन पानं परवापासून वर वळलीत. कागदावर झटकलं तर चार फुलकिडे पडले. लाल दोरा बांधलाय, काल पाण्याने धुतलंय, तेलाची पहिली फवारणी आज संध्याकाळी.